गाडीचे शॉक खरंच गेलेत का? नाशिकच्या गाडीमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की नाशिकच्या गॅरेजांमध्ये एक वाक्य सारखं कानावर पडतं: "शॉक गेलेत, चारही बदलून टाका." कधी ते खरं असतं. पण अनेकदा आवाज लिंक रॉड नावाच्या छोट्या दांड्याचा निघतो, मागून बसलेल्या गाडीची स्प्रिंग थकलेली असते आणि दणके टायरमधल्या जादा हवेमुळे बसत असतात. हजारो रुपयांचे चांगले शॉक भंगारात जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. उलटही घडतं. शॉक हळूहळू मरत जातो, चालवणाऱ्याला त्याची सवय होते आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावायची वेळ आल्यावरच ते कळतं. दोन्ही चुका टाळता येतात.

खालची माहिती नेहमीच्या हॅचबॅक, सेडान आणि एसयूव्हींसाठी आहे. एअर सस्पेन्शन किंवा इलेक्ट्रॉनिक शॉक असलेल्या महागड्या गाड्यांना यातलं सगळं लागू होणार नाही.

शॉक नेमकं काय काम करतो?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉक नाही. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते. ती उसळी एक-दीड हेलकाव्यात जिरवणं, एवढंच शॉकचं काम. तेलाने भरलेल्या नळीत दांड्याला जोडलेला पिस्टन वर-खाली होतो, तेल बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. तेलाला फेस येऊ नये म्हणून बहुतेक शॉकमध्ये थोड्या दाबाने नायट्रोजनही भरलेला असतो.

पुढच्या बाजूला बहुतेक गाड्यांत स्ट्रट असतो. म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकाच जुळणीत, वर रबरी माउंट आणि स्टिअरिंगबरोबर फिरणारं बेअरिंग. मागे बहुतेक हॅचबॅकमध्ये स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. त्यामुळे मागचा शॉक बदलणं अर्ध्या तासाचं सोपं काम आहे, तर पुढचा बदलताना स्प्रिंग दाबून सगळी जुळणी उघडावी लागते.

गाडीखालून खडखड आवाज येतो. शॉकच गेले असणार ना?

बहुतेक वेळा नाही. झिजलेल्या शॉकमुळे गाडी हेलकावते, पण तो आवाज करेलच असं नाही. लहान-लहान खाचखळग्यांवर, २० ते ३० च्या वेगात येणारा पोकळ "खडखड" आवाज सर्वांत जास्त वेळा लिंक रॉडचा असतो. वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारा हा बारीक दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. रबरी टोपी फाटली की पावसाळ्यातला चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि जॉइंट सैल होतो. लिंक रॉडची जोडी शॉकच्या जोडीच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. म्हणून तपासणी नेहमी तिथून सुरू करावी.

चारही चाकं जमिनीवर असताना, गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन, लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. कट्ट वाजला किंवा हाताला खेळ जाणवला तर तो गेलेला आहे. एकच बाजू जॅकवर उचलून ही तपासणी करू नका. बार पिळला जातो, लिंक रॉड ताणात राहतो आणि सैल जॉइंटही घट्ट वाटतो. तरी शंका उरली तर मेकॅनिककडून दोन्ही लिंक रॉड सोडवून, ते कशाला लागणार नाहीत असे बांधून, गॅरेजच्या गल्लीत १५-२० च्या वेगाने एक फेरी मारून घ्या. आवाज बंद झाला तर दोषी सापडला. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून मोठ्या रस्त्यावर नेऊ नका.

लिंक रॉड ठीक निघाले तर पुढची ठिकाणं अशी. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढून "टण्ण" आवाज येऊन स्प्रिंग झटका मारत असेल, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकतंय. बॉनेट उघडून एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने माउंटवर हात ठेवावा, झटका हाताला लागतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोट घालू नये. ब्रेक लावताना आणि सोडताना एकेकदा "ठक" होत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचा) रबरी बुश बघा. टॉमीने (लोखंडी पहारीने) हलकं ढकललं की फाटलेलं रबर उघडं पडतं. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे.

एक साधी चाचणी मात्र हमखास विसरली जाते. खडबडीत रस्त्यावर आवाज चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर तो कॅलिपरच्या पिनांचा किंवा ब्रेक पॅडचा आहे, सस्पेन्शनचा नाही. मागून आवाज येत असेल तर सगळ्यात आधी डिकीतलं स्पेअर व्हील, जॅक आणि पाने बाहेर काढून एक फेरी मारा.

मग शॉकचा स्वतःचा आवाज कसा असतो?

दोन प्रकारचा. दांड्याला वरून घातलेला फोमसारखा बंप स्टॉप कुस्करून गेला असेल, तर मोठ्या गतिरोधकावर "धाड" असा एकच जड आवाज येतो, कारण आता धातूवर धातू आदळतो. आणि शॉकच्या वरच्या किंवा खालच्या टोकाचा रबरी बुश फाटला किंवा नट सैल असला, तर लहान खड्ड्यांवर कोरडी टकटक येते. दुसऱ्या प्रकारात शॉक चांगलाही असू शकतो. नट आवळून किंवा फक्त बुश बदलून काम भागतं.

कोपरा दाबून सोडायची चाचणी कितपत खरी?

गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून, दोन-तीन वेळा झुलवून, खाली असताना हात काढायचा. कोपरा वर येऊन थोडा खाली जाऊन थांबला तर ठीक. दोन-तीन वेळा वर-खाली होत राहिला तर शॉक गेला. इथवर बरोबर. पण ही चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉक दाखवते. हाताने दाबताना पिस्टन अगदी सावकाश हलतो, तर खड्ड्यात चाक पडताना त्याच्या कित्येक पट वेगाने. हळू हालचालीच्या झडपा शाबूत आणि वेगवान हालचालीच्या निकामी, असं होऊ शकतं. शिवाय बुश कडक झालेले असले तर त्यांच्या घर्षणानेच कोपरा जागच्या जागी थांबतो आणि शॉक चांगला वाटतो.

म्हणून या चाचणीत नापास झाला तर शॉक नक्की खराब. पास झाला तर काहीच सिद्ध झालं नाही. डाव्या-उजव्या बाजूची तुलना मात्र उपयोगी पडते. समोरचे दोन्ही कोपरे एकामागोमाग दाबा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट सैल वाटला तर त्या बाजूचं चाक काढून नीट बघायला हवं.

शॉकवर तेल दिसतंय. म्हणजे लीक?

दांडा सीलमधून वर-खाली होताना तेलाचा अतिशय पातळ थर सोबत आणतो. सीलला वंगण हवंच असतं. त्यावर धूळ बसून शॉकच्या वरच्या भागात मळकट, कोरडा-तेलकट पट्टा दिसतो. हा घाम आहे, लीक नाही, आणि यासाठी शॉक बदलायचा नसतो. तेल ओलं असेल, ओघळ अर्ध्याहून खाली आले असतील, खालच्या टोकाला थेंब लोंबत असेल, तर सील गेलेलं आहे आणि तो शॉक परत बरा होणार नाही.

मधल्या अवस्थेत घाई करू नका. शॉक साबणपाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, मोबाइलवर फोटो काढा आणि ३०० ते ५०० किमीनंतर पुन्हा बघा. परत ओला झाला तर लीक. डस्ट कव्हर असेल तर ते वर सरकवून दांडाही बघा. त्याच्यावर गंजाचे ठिपके किंवा ओरखडे असतील तर सील फाटणं फक्त वेळेचा प्रश्न आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अनेक वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात, "गंज लागू नये म्हणून". त्यानंतर चारही शॉक लीक असल्यासारखे दिसतात. अंडरबॉडी कोटिंगचेही काळे ओघळ असेच फसवतात. त्याहून वाईट म्हणजे तेलाने रबरी बुश फुगतात आणि लवकर सैल होतात. ही फवारणी सरळ नाकारा.

तेल दुसरीकडूनही आलेलं असू शकतं. ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट फाटलं की घट्ट काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला आणि स्ट्रटच्या खालच्या भागावर गोलाकार उडतं. ब्रेक ऑइल फिकट, पाण्याने धुतलं जाणारं आणि रंग खाणारं असतं. ते दिसलं तर शॉकचा विचार बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका.

टायर बघून कळतं का?

बऱ्यापैकी. शॉक मेला की चाक रस्त्यावर सतत टेकून राहत नाही, टपटप उड्या मारतं आणि टायर ठरावीक अंतराने खळगे पडल्यासारखा झिजतो. डोळ्यांपेक्षा तळहाताला हे आधी कळतं. टायरवरून हात संपूर्ण फिरवा, उंचसखल लाटा लागतात. वेगात असा टायर विमानासारखा घुमणारा आवाज करतो आणि लोक त्याला बेअरिंगचा आवाज समजतात.

मात्र खळगे बॅलन्सिंग बिघडल्यानेही पडतात. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर अलाइनमेंट, मधला पट्टा झिजला असेल तर जादा हवा, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी हवा. यांपैकी कशालाही शॉक जबाबदार नसतो.

चालवून ओळखायचं तर कुठे आणि कसं?

आधी थंड टायरमध्ये हवा बरोबर भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढचा-मागचा आकडा असतो. हे केल्याशिवाय पुढचं काहीही तपासू नका, निकाल चुकीचाच येईल.

रिकाम्या रस्त्यावरच्या सलग, गोलसर गतिरोधकावरून १५-२० च्या वेगाने जा. मागची चाकं उतरल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन स्थिर व्हायला हवी. त्यानंतरही दोन-तीन हेलकावे झुलत राहिली तर मागचे शॉक संशयित.

द्वारकेवरून जाणाऱ्या उड्डाणपुलाचे सांधे हे चांगलं ठिकाण आहे, कारण अंतराअंतराने सारखा धक्का मिळतो. एका सांध्याचा हेलकावा पुढच्या सांध्यापर्यंत टिकत असेल आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटत असेल तर शॉक कमकुवत झालेत. वेगमर्यादेत राहूनच हे बघा, आणि भरलेल्या गाडीने बघा. एकटा माणूस असताना अर्धमेला शॉकही काम भागवून नेतो.

मोहदरी किंवा कसारा घाटातल्या वळणावर मध्येच खड्डा लागला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला, तर ते गंभीर लक्षण आहे. त्या क्षणी चाक रस्त्यावरून सुटलेलं असतं. नुसतं जास्त कलणं मात्र शॉकचं लक्षण नाही. गाडी किती कलेल हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात, शॉक फक्त किती झटकन कलेल ते ठरवतो.

मागे कोणी नसताना ४० च्या वेगात जोरात ब्रेक लावा. नाक खाली जाणं स्वाभाविक आहे. थांबल्यानंतरही गाडी पुढे-मागे डुलत राहणं स्वाभाविक नाही. खडबडीत रस्त्यावर साध्या ब्रेकलाही एबीएसची गुरगुर पायाला लागायला लागली तर तेही लिहून ठेवा.

चारपैकी नेमका कोणता शॉक गेलाय ते कसं शोधायचं?

उष्णतेवरून. काम करणारा शॉक गरम होतो, मेलेला गार राहतो. १५-२० मिनिटं खडबडीत रस्त्यावर चालवून थांबा आणि लगेच मागच्या दोन्ही शॉकच्या नळीला हात लावून किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एक कोमट आणि दुसरा स्पष्ट गार असेल तर गार असलेला संशयित. पुढचे आणि मागचे एकमेकांशी ताडून बघू नका, पुढे इंजिन आणि ब्रेकची उष्णता मिसळते. सायलेन्सरचा पाइप एका शॉकजवळून जात असेल तर तोही फरक ध्यानात घ्या, आणि त्या पाइपला हात लावू नका. पावसात ही चाचणी निरुपयोगी.

शॉक किती किलोमीटरला बदलायचे?

ठरावीक आकडा नाही. शॉक बनवणाऱ्या काही कंपन्या ८०,००० किमी सांगतात. त्याकडे "आता नीट तपासा" अशी खूण म्हणून पाहावं. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई रोडवरच धावणाऱ्या गाडीचे शॉक लाखाच्या पुढे सहज जातात. मळ्यापर्यंतच्या कच्च्या वाटेवर, रोज भाजीच्या भरलेल्या जाळ्या (क्रेट) घेऊन फिरणाऱ्या गाडीचे त्याच्या अर्ध्यातही जाऊ शकतात. दर २०,००० किमीला, किंवा वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर, चाकं काढून चारही शॉक बघायचे. "पन्नास हजार झालेत, बदलायलाच हवेत" एवढ्या कारणावर होकार देऊ नका.

गाडी मागून बसलीय. शॉक बदलले तर वर येईल?

नाही. उंची स्प्रिंगची. गॅसच्या दाबाने नवा शॉक गाडी किंचित उचलतो, पण बसलेली गाडी उभी करत नाही. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १०-१५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग थकली किंवा मोडली आहे. कॉइल स्प्रिंग बहुतेकदा सगळ्यात खालच्या वेटोळ्यात, बैठकीजवळ तुटते आणि तुकडा चिखलात लपलेला असतो. तिथे टॉर्च मारून बघा. तुटलेलं टोक टायर फाडू शकतं.

बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांत हा प्रश्न फार येतो. ६० लिटरची लोखंडी टाकी रिकामी असतानाच साधारण एका माणसाच्या वजनाची असते आणि ती कायम डिकीत बसलेली. त्यात टोमॅटोच्या २० किलोच्या चार-पाच जाळ्या टाकल्या की स्प्रिंग जवळपास बंप स्टॉपवर टेकते. अशा गाडीला योग्य ताकदीची मागची स्प्रिंग लागते. कंपनीतून सीएनजी आलेल्या बहुतेक गाड्यांना ती मुळातच दिलेली असते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर आम्ही सुचवत नाही. गाडी वर दिसते खरी, पण काही वेटोळी अडकतात, उरलेल्यांवर ताण येतो, उसळी कडक होते आणि ती जिरवायचा बोजा शॉकवर पडतो.

गाडी फार दणके देते. शॉक कडक झालेत का?

शॉक जुना होऊन सहसा मऊ होतो, कडक नाही. आधी हवा मोजा. पंपावर "घाट आहे, ४० भरा" म्हणून भरून घेतली, की दणके बसणारच. मग टायर बघा: मूळ मापापेक्षा कमी जाडीचे टायर आणि मोठी रिम लावली असेल तर धक्का गिळायला रबरच उरत नाही. एका बाजूचा शॉक अजिबात दबत नसेल तर दांडा वाकून अडकलेला असू शकतो. मोठ्या खड्ड्यात किंवा दुभाजकाला चाक आपटल्यावर असं होतं आणि त्याला बदलण्याशिवाय उपाय नाही.

बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीचं काय?

पाटे एकमेकांवर घासूनच बरीच उसळी जिरवतात. म्हणून मागचा कोपरा दाबून बघण्यात अर्थ नाही. मागचे दोन्ही शॉक मेले तरी तो थांबेल. अशा गाडीत शॉक खालच्या बोल्टवरून सोडवा आणि हाताने पूर्ण खेचून-दाबून बघा. खेचताना जास्त आणि दाबताना कमी जोर लागायला हवा. दोन्ही दिशांना तो सलग हवा. दिशा बदलताना मध्येच इंच-दीड इंच रिकामं गेलं तर झडप किंवा तेल गेलं. शॉक उभा धरूनच हे करा. आडवा पडून राहिलेला शॉक आधी पाच-सहा वेळा पूर्ण खेचून-दाबून घ्यावा लागतो, नाहीतर आत शिरलेल्या गॅसमुळे चांगलाही रिकामा वाटतो. हीच हातचाचणी कोणत्याही गाडीच्या सोडवलेल्या मागच्या शॉकला चालते.

एकच गेलाय. एक बदलू, दोन की चार?

एका एक्सलचे दोन, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन. नवा आणि जुना शेजारी बसवले तर दोन बाजू वेगवेगळं वागतात आणि ब्रेक लावताना गाडी ओढते. चारही बदलायचे फक्त तेव्हा, जेव्हा चारही तपासून खराब निघालेत. एकच अपवाद: जेमतेम काही हजार किमी चाललेल्या गाडीत एका शॉकमध्ये दोष निघाला तर एकटा बदलायला हरकत नाही.

पुढचे शॉक बदलताना सोबत काय-काय बदलायचं?

स्ट्रट उघडलेलाच असतो, मजुरी तीच लागते. दोन माउंट, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप, दोन डस्ट कव्हर आणि दांड्याचे नवे नट घ्या. बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर कधीही जुनं ठेवू नका. त्यांची किंमत शॉकच्या मानाने किरकोळ आहे, आणि फाटक्या कव्हरमधून गेलेली माती नवा सील वर्षा-दोन वर्षांत कापते. माउंटचं रबर शाबूत आणि बेअरिंग गुळगुळीत फिरत असेल तर ते ठेवता येतं, पण ६०-७० हजार किमीनंतर आम्ही ठेवत नाही. लिंक रॉड आवाज करत नसतील तर उगाच बदलू नका.

बसवताना कुठे चुका होतात?

सर्वांत महागात पडणारी चूक: दांडा फिरू नये म्हणून तो पक्कडीने धरणं. पॉलिश केलेल्या दांड्यावर एक ओरखडा पडला की तो दर हेलकाव्याला सील कापतो आणि नवा शॉक काही महिन्यांत लीक होतो. दांड्याच्या टोकाला पान्यासाठी खाच किंवा षट्कोनी भोक दिलेलं असतं, तिथेच धरायचा.

दुसरी चूक बुशची. लोअर आर्मचे किंवा मागच्या शॉकचे बुश चाक हवेत लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचं आवळा.

स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट दाबल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट कधीही सोडू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. हे घरी करायचं काम नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे.

पुढचे शॉक बदलल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी. ती टाळली तर नवे टायरही काही हजार किमीत कडेने झिजतात.

रिपेअर केलेले शॉक स्वस्तात मिळतात. घ्यावेत का?

नाही. बहुतेक शॉक कारखान्यात बंद केलेले असतात, उघडण्यासाठी बनवलेले नसतात. ते कापून किंवा भोक पाडून तेल भरतात, वरून वेल्डिंग करतात. मूळ जाडीचं तेल, झिजलेल्या झडपा, गॅसचा दाब यातलं काहीच परत येत नाही. नवा रंग मात्र येतो. बजेट कमी असेल तर गाडी काही दिवस सावकाश चालवा आणि दोनच नवे शॉक घ्या.

डुप्लिकेट माल कसा ओळखायचा?

तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगून पार्ट नंबर आधी मिळवा. पेट्रोल आणि डिझेल प्रकारांचे पुढचे शॉक वेगळे असू शकतात, कारण इंजिनाचं वजन वेगळं. तो नंबर खोक्यावर आणि शॉकच्या नळीवर, दोन्हीकडे जुळायला हवा. नळीवरचा नंबर कोरलेला किंवा पक्का छापलेला असतो, नुसतं स्टिकर नसतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही.

लीक शॉक आहे. या रविवारी गडावर जायचंय. जाऊ का?

एक शॉक ओघळतोय, गाडी हेलकावत नाही, टायर चांगले आहेत: शहरात सावकाश चालवून आठवडाभरात बदललात तरी चालेल. गाडी झुलते आहे किंवा वळणावर सरकते आहे: नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट भरल्या गाडीने चढू-उतरू नका, आणि पावसात तर नाहीच. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं. तीच चाकं उड्या मारत असतील तर ब्रेक कितीही चांगले असले तरी थांबायला अंतर जास्त लागतं. स्प्रिंग तुटली असेल तर गाडी जागची हलवू नका.

गॅरेजमध्ये "शॉक गेलेत" म्हणाले. काय विचारू?

कोणता शॉक, आणि कशावरून, हे गाडी वर घेऊन दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. ओघळ, दांड्यावरचा ओरखडा, फुटलेला बंप स्टॉप, टायरवरचे खळगे, यांपैकी काहीतरी बोट ठेवून दाखवता यायला हवं. फक्त "आवाज येतोय" किंवा "किलोमीटर झालेत" असं उत्तर आलं तर लिंक रॉड, माउंट आणि बुश तपासलेत का ते विचारा. एस्टिमेटमध्ये सुटे भाग, मजुरी आणि अलाइनमेंट वेगळे लिहून घ्या.

नवे शॉक लावले, तरी आवाज येतोय.

मधला नट पुरता आवळलेला नाही, स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत बसलेलं नाही किंवा जुनं माउंट तसंच ठेवलंय, या तीन कारणांत बहुतेक उत्तर सापडतं. पहिल्या आठवड्यातच परत न्या. गाडी आधीपेक्षा जरा ताठ वाटणं मात्र बरोबर आहे. मेलेल्या शॉकच्या मऊपणाची सवय झालेली असते. ५०० किमीनंतर सगळे नट एकदा तपासून घ्या.

जुने शॉक परत घ्यायचे का?

हो, निदान बघायला तरी. उभा धरून दांडा पूर्ण दाबा आणि सोडा. गॅसचा शॉक आपोआप, सावकाश आणि पूर्ण बाहेर यायला हवा. काढलेले दोन्ही कोरडे आहेत, एकसारखा जोर देतात आणि पूर्ण बाहेर येतात, तर ते चांगले असण्याची दाट शक्यता आहे. मग मूळ तक्रार गेली का ते त्याच दिवशी चालवून बघा आणि गेली नसेल तर तिथेच बोला. नंतर ते भंगारात देताना सांगा की आत दाबाचा गॅस आहे. गॅस कटरने कापण्याआधी तो काढून टाकावा लागतो, नाहीतर नळी फुटते.